गीचा रंग कसा निवडावा: पांढरा, निळा की काळा?

पहिला गी, म्हणजे सरावाचा जॅकेट-पँटचा गणवेश, पांढरा घ्या. कराटे, ज्युदो, ऐकिडो, ब्राझिलियन जिउ-जित्सू यांतल्या जवळजवळ कुठल्याही क्लासात पांढऱ्या गीत आलेल्या नवख्याला कुणी मॅटवरून परत पाठवत नाही. निळ्या किंवा काळ्या गीत आलेल्याला मात्र पाठवू शकतात, आणि मग पुन्हा पांढरा घ्यावाच लागतो. पुढचं सगळं दुसरा गी घेणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या क्लासचा नियमच वेगळा आहे त्यांच्यासाठी. (आपल्याकडे कुणी कराटे ड्रेस म्हणतं, तायक्वांदोवाले डोबोक म्हणतात. सोयीसाठी इथे सगळ्यालाच गी म्हटलं आहे.)

पांढरा रंग आला ज्युदोमधून. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि तिथे सरावासाठी न रंगवलेल्या सुती कापडाचा गणवेश रुळला. ओकिनावाचे फुनाकोशी गिचिन १९२२ मध्ये तोक्योला कराटे दाखवायला आले, त्यानंतर कराटेने तोच गणवेश थोड्या हलक्या कापडात उचलला. रंगीत गी फार अलीकडचा. डच ज्युदोपटू आंतोन गेसिंक यांनी १९८६ मध्ये निळ्या ज्युदोगीची (ज्युदोच्या गीची) सूचना मांडली, आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने ती १९९७ मध्ये स्वीकारली आणि ऑलिंपिकमध्ये निळा गी पहिल्यांदा २००० साली सिडनीत दिसला. कारण साधं होतं. दोघं पांढऱ्यात एकमेकांत गुंतले की कोणी कोणाला टाकलं हे प्रेक्षकाला, टीव्हीला आणि कधी पंचांनाही चटकन कळत नसे. जपानच्या अखिल जपान ज्युदो स्पर्धेत मात्र दोघेही पांढऱ्यातच उतरतात आणि ओळखायला लाल-पांढरे पट्टे बांधतात. त्यामुळे एखाद्या जुन्या वळणाच्या सरांनी निळ्या गीला नकार दिला तर तो त्यांचा लहरीपणा समजू नका. त्यामागे शंभराहून जास्त वर्षांची सवय आहे.

१. आधी क्लासात विचारा

पैसे देण्याआधी सरांना किंवा सेन्सेईंना तीन गोष्टी विचारा. रोजच्या सरावाला कुठले रंग चालतात? बेल्ट परीक्षेला कुठला लागतो? वरचं जॅकेट एका रंगाचं आणि पँट दुसऱ्या रंगाची चालते का? तिसरा प्रश्न बहुतेक लोक विसरतात. काही क्लासांत काळी पँट आणि पांढरं जॅकेट ही फक्त शिकवणाऱ्यांची खूण असते. नवख्याने तसं घातलं तर ओरडा बसत नाही, पण सगळे बघतात आणि पोराला उगाच अवघडल्यासारखं होतं.

तायक्वांदोत रंगापेक्षा गळपट्टी महत्त्वाची. वर्ल्ड तायक्वांदो या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीत नेहमीचा डोबोक पांढरा असतो, डोक्यातून घालायचा, व्ही गळ्याचा. गळपट्टी रंगीत बेल्टवाल्यांना पांढरी, ब्लॅक बेल्टला काळी, आणि १५ वर्षांखालच्या 'पूम' (मुलांचा ब्लॅक बेल्ट) धारकांना लाल-काळी. दुकानदार 'हा छान दिसतो' म्हणून काळ्या गळपट्टीचा डोबोक पुढे करतो. पिवळ्या बेल्टच्या मुलासाठी तो घेऊ नका.

काही शाखांत पांढरा हा नेहमीचा रंग नाही. पेंचाक सिलाट या इंडोनेशियन युद्धकलेचा गणवेश काळा. केंदोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, परंपरेने नीळ वनस्पतीच्या गडद रंगात रंगवलेला. तिथे निवडायला फारसं काही उरत नाही, फक्त धुण्याची तयारी ठेवायची.

२. स्पर्धा खेळायची असेल तर तिचा नियम वाचा

ज्युदोत पहिलं नाव पुकारलेला खेळाडू पांढरा घालतो, दुसरा निळा. तुमचं नाव कुठल्या बाजूला येईल हे आधी ठरलेलं नसतं, म्हणजे मोठ्या स्पर्धेला दोन्ही गी पिशवीत हवेत. निळ्याची छटाही नियमात बसावी लागते. आकाशी किंवा नेव्ही ब्लू घेऊन चालत नाही. जिल्हा पातळीवर बऱ्याचदा पांढऱ्यावर भागतं, पण ते आयोजकांना विचारूनच.

कराटेत गी पांढराच, पट्ट्या नसलेला. कुमितेत (दोघांच्या लढतीत) ओळख बेल्टवरून होते: एक लाल, एक निळा. म्हणून कराटेच्या खेळाडूने दुसऱ्या रंगाच्या गीवर खर्च करण्याऐवजी लाल आणि निळा असे दोन साधे बेल्ट घ्यावेत. उरलेले पैसे जाड कापडात घालावेत.

खरी निवड असते ती ब्राझिलियन जिउ-जित्सूत. आयबीजेजेएफ या तिच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाप्रमाणे पांढरा, रॉयल निळा आणि काळा हे तीनच रंग चालतात. जॅकेट, कॉलर आणि पँट एकाच रंगाचे लागतात. निळं जॅकेट आणि काळी पँट अशी जोडी तपासणीत अडकते. राखाडी, हिरवा, गुलाबी गी सुंदर दिसतात, पण ते फक्त सरावाचे. वर्षातून एखादी तरी स्पर्धा खेळणार असाल तर हे रंग तिसऱ्या गीसाठी राखून ठेवा.

३. दुसरा रंग: कुठला काय करतो

पांढऱ्याचा मोठा गुण असा की तो ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेलं) सहन करतो, उन्हात टाकता येतो आणि कितीही धुतला तरी रंग सोडत नाही. रक्ताचा डाग दिसतो, आणि दिसतो म्हणूनच निघतो. दोष दोन. बगलेत आणि कॉलरवर घामाचा पिवळेपणा चढतो, आणि पातळ कापड घामाने भिजलं की आरपार दिसतं.

मुलींच्या बाबतीत हा दुसरा दोष गंभीर आहे, आणि त्याबद्दल क्लासात फार कमी बोललं जातं. ६ ते ८ औंसाच्या (औंस हे कापडाच्या वजनाचं माप, जास्त औंस म्हणजे जाड कापड) पातळ कापडाऐवजी १२ औंसाची पँट घ्या, आत त्वचेच्या रंगाची घट्ट शॉर्ट घाला. पांढऱ्याखाली काळी शॉर्ट जास्त उठून दिसते. मासिक पाळीच्या दिवसांत सरावाला गडद पँट चालेल का, हे आईने किंवा ताईने सरांना आधीच मोकळेपणाने विचारून ठेवावं. जिउ-जित्सूत रंगाची मुभा असेल तर दुसरा गी सरळ काळा घ्यावा. या एका चिंतेपायी मुली महिन्यातले चार दिवस बुडवतात, आणि पुढे क्लासच सोडतात.

निळा हा मधला मार्ग. मळ पांढऱ्यापेक्षा कमी दिसतो, घामाचे पांढरे क्षार काळ्यापेक्षा कमी उठतात. पण पहिले चार-पाच धुणे तो रंग सोडतो आणि जोडीदाराच्या पांढऱ्या गीवर निळसर ओरखडे ठेवतो. दीड-दोन वर्षांत गुडघे, खांदे आणि कॉलरची कड फिकी पडते. ते टाळता येत नाही, घासाघासीचा तो परिणाम आहे.

काळ्यावर डाग लपतो. हीच त्याची अडचणही आहे, कारण न दिसणारा मळ धुतला जात नाही. आठवडाभर न धुतलेला काळा गी बघायला स्वच्छ असतो, पण त्याच्या घामट ओलाव्यात जंतू वाढतात आणि मॅटवर गजकर्ण पसरायला तेवढं पुरतं. शिवाय सुकलेल्या घामाच्या पांढऱ्या रेघा आणि टॉवेलचे धागे काळ्यावरच सगळ्यात जास्त दिसतात. काळा गी जास्त गरम होतो का? उघड्या मैदानात उन्हात होतो. हॉलमध्ये फरक जाणवत नाही. तिथे गरमी कापडाच्या जाडीची असते.

आमचं मत: ज्युदोसाठी पांढरा आणि निळा, जिउ-जित्सूसाठी पांढरा आणि काळा किंवा निळा, कराटे-तायक्वांदोसाठी दोन्ही पांढरे. वाढत्या वयाच्या मुलांना रंगीत गी घेऊच नका. सहा-आठ महिन्यांत तो आखूड होतो, आणि धाकट्या भावंडाकडे फिकट, डागाळलेला गी जातो. मुलांसाठी उंचीपेक्षा १० सेंटीमीटर मोठं माप घ्या, पँटच्या आणि बाह्यांच्या टोकाला आत भरपूर माया ठेवून टीप मारा, वाढेल तशी सोडा.

४. दुकानात कापड आणि रंग तपासा

खिशात एक पांढरा रुमाल ठेवा. त्याचा कोपरा पाण्याने ओला करून जॅकेटच्या आतल्या शिवणीवर दहा-पंधरा वेळा जोरात घासा. हलकी निळी झाक आली तर ती धुण्यात जाईल. रुमाल गडद झाला तर तो गी परत ठेवा. तो वर्षभर जोडीदारांचे कपडे रंगवत राहील.

लेबलवर सुती किती आणि पॉलिस्टर किती ते बघा. रंगीत गीमध्ये जॅकेट सुती आणि पँट पॉलिस्टर मिश्रणाची असेल तर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने फिके पडतात. सहा महिन्यांनी एकाच संचाच्या दोन छटा दिसतात.

जाडी रंगाबरोबरच ठरवायची. कराटेला औंसात मोजतात: ८ औंस शिकाऊ, १२ ते १४ औंस खडखडीत आणि टिकाऊ. पकड असलेल्या खेळांत जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये, मोजतात. जिउ-जित्सूचा ५५० जीएसएमच्या आसपासचा पर्ल विणीचा गी रोजच्या सरावाला पुरतो. आंतरराष्ट्रीय ज्युदोचा ६५० ते ७५० जीएसएम असतो, आणि तो पावसाळ्यात वाळवणं हे वेगळंच काम आहे. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल आणि आठवड्यातून चार दिवस सराव असेल, तर एक जाड गी घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या.

५. पहिलं धुणं आणि मोजमाप

नवा गी घालण्याआधी धुवा. सुती कापड पहिल्या धुण्यांत ५ टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याहून जास्त आटतं, म्हणजे ६० सेंटीमीटरची बाही ३ सेंटीमीटरने आखूड होते. जास्त आटवायचा नसेल तर गार पाणी आणि सावली.

रंगीत गी उलटा करून एकटाच गार पाण्यात भिजवा. पाणी रंगलं की ओतून टाका, नवं घ्या. पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत हे तीन-चार वेळा करा. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो, असं घरोघरी सांगतात. आजकालच्या सुती कापडाच्या रंगांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. सुटा रंग धुऊन काढणं हाच उपाय.

तीन धुणी झाल्यावर गी घालून, हात सरळ पुढे करून मोजा. जिउ-जित्सूत बाही मनगटापासून ५ सेंटीमीटरपेक्षा आत जाता कामा नये, पँट घोट्याच्या हाडापासून ५ सेंटीमीटरपेक्षा वर नको. ज्युदोत बाही मनगटापर्यंत हवी. कराटेत बाही कोपर ते मनगट या अंतराच्या निम्म्यापेक्षा आखूड नको, मनगटाच्या पुढे नको, आणि दुमडूनही चालत नाही. क्लासचा बिल्ला या तीन धुण्यांनंतरच शिवा. बिल्लाही आधी वेगळा धुवा, नाहीतर गी आटतो, बिल्ला आटत नाही आणि छातीवर चुण्या पडतात.

धुताना बिघडतं ते

पांढरा गी सगळ्यात जास्त खराब होतो तो नव्या बेल्टमुळे. परीक्षेनंतर मिळालेला लाल, जांभळा किंवा काळा बेल्ट घामाने भिजला की कमरेभोवती गुलाबी-करडा पट्टा उमटतो. नवा बेल्ट गार पाण्यात दोन-तीनदा खळबळून, सावलीत वाळवून मगच बांधा. डाग पडलाच तर गी वाळू देऊ नका, इस्त्री तर नाहीच. ओला असतानाच गार पाण्यात बुडवा, मग ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात पाकिटावरच्या प्रमाणात दोन-तीन तास ठेवा.

क्लोरीनचं ब्लीच टाळा. ते सुती धागा कमजोर करतं आणि घामातल्या घटकांशी मिसळून पिवळेपणा उलट वाढवतं. रंगीत गीवर तर ते ठिगळं पाडतं. क्लोरीन ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. रक्ताला नेहमी गार पाणी. गरम पाण्याने डाग पक्का होतो.

पांढऱ्याला नीळ द्यायची तर बादलीभर पाण्यात आधी विरघळवून, ढवळून, मगच गी बुडवा. थेंब कापडावर पडला की ठिपका राहतो, आणि विणकामात शिरलेली नीळ लवकर निघत नाही.

पांढरा उन्हात वाळवा, रंगीत उलटा करून सावलीत. तार गंजलेली असेल तर प्लास्टिकची दोरी बांधा. गंजाचा डाग पडला तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, पण हे फक्त पांढऱ्यावर. रंगीत कापडाचा रंग त्याने उडतो. जून ते सप्टेंबर गी घडी घालून ठेवण्याआधी कॉलर बोटांनी दाबून बघा. सगळा गी कोरडा वाटला तरी कॉलरच्या आतल्या थरांत ओल राहते, आणि काळे बुरशीचे ठिपके तिथूनच सुरू होतात. कॉलर पंख्याखाली आणखी एक रात्र ठेवा.