देणगीच्या सायकल मोहिमेत दुखापत झाली तर

पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत देणगी गोळा करत जाणाऱ्या सायकलस्वारांबरोबर मी सपोर्ट गाडीत असते. माझा व्यवसाय फिजिओथेरपीचा, सिंहगड रोडला क्लिनिक आहे. मोहिमेत औषधांची पेटी माझ्या ताब्यात असते. पण पेटीआधी एका कागदाबद्दल सांगते.

एरवी रविवारी लोणावळ्याला जाताना गुडघा दुखला तर माणूस सरळ सांगतो आणि परत फिरतो. देणगीसाठी निघालेला मात्र दुखणं लपवतो. सोसायटीतल्या आजोबांनी किलोमीटरमागे पाच रुपये कबूल केलेले असतात, ऑफिसात पत्रकं वाटून झालेली असतात, ज्या शाळेसाठी पैसे जमवायचे तिथल्या मुलांनी रंगवलेली शुभेच्छापत्रं पिशवीत असतात. अशा वेळी 'मी थांबतो' हे तोंडातून निघणं फार अवघड जातं. म्हणून निघायच्या आधीच दोन गोष्टी कागदावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. एक, थांबायचं की नाही हे ज्याला लागलंय त्याने ठरवायचं नाही, ते गटातली ठरलेली दोन माणसं ठरवतील. दुसरी गोष्ट देणगीदारांच्या पत्रकातही छापा: कुणाला मध्येच थांबावं लागलं तर उरलेलं अंतर बाकीचे पूर्ण करतील आणि तुमची देणगी ठरल्याप्रमाणे संस्थेकडे पोहोचेल. या एका वाक्याने गुडघे वाचतात, हे मी जवळून पाहिलंय.

आता कुणी पडलं तर. खंबाटकीच्या उतारावर किंवा साताऱ्याच्या पुढे हायवेवर पडलेल्या माणसाला पहिला धोका मागून येणाऱ्या ट्रकचा असतो. एकाने मागे लांब जाऊन हात दाखवत गाड्या वळवायच्या, सपोर्ट गाडी दिवे लावून मागे उभी करायची. पडलेल्याला लगेच बखोट धरून उठवू नका. मान दुखतेय का, हातापायांना मुंग्या येतायत का, बोटं हलतायत का, हे आधी विचारा. मान दुखत असेल तर हेल्मेटही ओढून काढू नका, आहे तसं राहू द्या आणि १०८ ला फोन करा. हा नंबर महाराष्ट्रात, कर्नाटकात, तमिळनाडूतही चालतो आणि रुग्णवाहिका मोफत असते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही हेल्पलाइनही आहे. मदतीला थांबलेले गावकरी पोलिसांच्या चौकशीला घाबरत असतील तर त्यांना धीर द्या. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने अशा मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलंय.

डोक्याला मार बसला असेल तर माझा नियम कडक आहे. त्या दिवशी सायकल बंद, तो कितीही टुणटुणीत दिसला तरी. त्याला विचारा: आज वार कोणता, सकाळचा नाश्ता कुठे केला, रात्री मुक्काम कुठे आहे? उत्तरं अडखळली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, झापड येऊ लागली, नाकातून किंवा कानातून पाणी किंवा रक्त आलं, तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा. यातलं काही नसलं तरी त्या रात्री त्याला लॉजवर एकट्याला झोपू देऊ नका. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसत असलं तरी टाकून द्या, आतला थर्माकोल दबलेला असतो.

सगळ्यांत जास्त वेळा पाहावं लागतं ते सोलवटणं. शिरवळच्या जवळ एका ढाब्यासमोर एक पोरगा असाच वाळूवरून घसरला होता. कोपरापासून मनगटापर्यंत साल निघालेली, त्यात काळी बारीक खडी रुतलेली. म्हणाला, "ताई, नुसतं खरचटलंय. ढाब्यातली हळद लावा आणि सोडा." मी म्हटलं, "आधी बस, आणि दुसऱ्या हाताने खुर्ची घट्ट धर." पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सेफ्टी पिनने भोकं पाडली आणि बाटली दाबून जोराची धार सोडली. आधी तपकिरी पाणी, मग गुलाबी, मग स्वच्छ. साबणाचा फेस करून ओल्या गॉजने हलक्या हाताने खडी काढत गेले. हे झोंबतं, फार झोंबतं, आणि म्हणूनच लोक अर्ध्यावर सोडतात. पण आत राहिलेली खडी जखम चिघळवते, आणि नाही चिघळली तर गोंदल्यासारखा निळसर डाग कायमचा ठेवून जाते. हळद, कॉफी, टूथपेस्ट यातलं काही लावायचं नाही. कापूसही थेट ठेवायचा नाही, तंतू चिकटतात. पॅराफिन गॉज (जखमेला न चिकटणारी मेणचट जाळी), वर साधं गॉज, वरून रोलर पट्टी. रोज बदला, भिजली तर लगेच. लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप चढला तर डॉक्टर.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं हे बहुतेकांना आठवत नाही. मळलेल्या जखमेला पाच वर्षांहून जुनं इंजेक्शन चालत नाही, म्हणून ते पुण्यातूनच घेऊन निघा.

पडताना माणूस हात टेकतो, त्यामुळे मनगट नीट तपासा. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी, मनगटाजवळ एक खळगा दिसतो. तिथे दाबल्यावर कळ आली तर आतलं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते दिसतंच असं नाही. मनगटाला आधार बांधून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो, आणि तोवर सायकल नाही, कारण ब्रेक त्याच हाताने दाबायचा असतो. खांद्याजवळचं आडवं हाड दुखत असेल तर ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवा आणि हॉस्पिटलला न्या. मालिश कुणाकडूनही नको.

कुत्रं मागे लागून चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा. दंडाच्या स्नायूत द्यायची लस शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोबुलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. लसीचं कार्ड जपून ठेवलं तर पुढचे डोस वाटेतल्या गावी घेता येतात. एकही चुकवू नका.

न पडता होणारी दुखणी कोल्हापूरच्या पुढे वर येतात. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली असते, मागून दुखत असेल तर वर. सीटच्या दांड्यावर मार्करने खूण करा आणि एका वेळी तीन-चार मिलिमीटरच हलवा. जड गिअर सोडा, मिनिटाला पॅडलच्या ऐंशी-नव्वद फेऱ्या मारता येतील असा हलका गिअर ठेवा. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर हँडलवरची पकड वारंवार बदला. पकडीतली ताकद गेली तर थांबा.

बर्फाबद्दल नेहमी विचारतात. विश्रांती आणि बर्फाचा जो उपाय अमेरिकेतले क्रीडावैद्यक डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केला, त्यांनीच २०१४ मध्ये सांगितलं की बर्फाने भरून येणं लांबू शकतं. कळ कमी करायला फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, एवढंच. आणि गोळी घेऊन पुढचे शंभर किलोमीटर मारायचे, हे माझ्या गाडीत चालत नाही. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात ते मूत्रपिंडांना त्रास देतं. दुखण्यामुळे पॅडल मारायची ढब बदलली, किंवा सकाळी उठल्यावर दुखणं कालपेक्षा जास्त असलं, की त्या दिवशी गाडीत बसायचं.

गाडीत बसवलेल्या माणसाकडे पहिल्या संध्याकाळी कुणीतरी लक्ष द्या. तो रडतो, चिडतो, जेवत नाही. त्याच्या शेजारी बसा, घाई करू नका. फोटो ग्रुपवर पडायच्या आधी त्याच्या घरी त्यालाच फोन करू द्या. दुसऱ्या दिवसापासून त्याला खरं काम द्या: ओआरएसच्या बाटल्या भरणं, देणगीचा हिशेब, पावत्या, वाटेतल्या शाळांमध्ये बोलणं. देणगीदारांना झालं ते साध्या शब्दांत त्यानेच कळवावं. त्या पत्रानंतर देणगी मागे घेतलेलं मी कुणाला पाहिलं नाही.

परत सायकलवर यायचं असेल तर सकाळी सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडीच्या पुढे चालवून बघायचं, दुपारी पुन्हा तपासायचं. घरी पाठवायचं ठरलं तर एकट्याला बसमध्ये बसवू नका, पुण्यापर्यंत कुणीतरी सोबत जा. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि मूळ बिलं एका पाकिटात घालून त्याच्या हातात द्या, आणि मेडिक्लेम असेल तर कंपनीला भरती झाल्या झाल्या कळवा.