पावसाळ्यात गावतलावाच्या मातीच्या बांधाची पाहणी कशी करावी

ज्या लहान मातीच्या धरणातून गावाला पिण्याचे पाणी मिळते आणि ज्याच्या काठावर रविवारी सहलीची गर्दी होते, त्याची पाहणी मे महिन्यात एकदा, तलाव भरल्यानंतर दर आठवड्याला आणि अतिवृष्टी झाल्यास लगेच करावी.

मे महिन्यात पाणी खाली गेल्याने जलाशयाकडील उतार उघडा पडतो. लाटांनी निखळलेले पिचिंगचे, म्हणजे उताराच्या संरक्षणासाठी रचलेले, दगड तेव्हाच बसवून घ्यावेत. माथा कोठे बशीसारखा खचला असल्यास तेथे मुरूम टाकून, पाणी मारून, थराथराने ठोकून धुम्मस करावी, कारण पुराचे पाणी प्रथम त्याच जागेवरून ओसंडते आणि मातीचा भराव ते फार काळ सोसत नाही. बाभळीची रोपे लहान असतानाच उपटावीत. वाढलेले झाड मात्र अभियंत्याला विचारल्याशिवाय तोडू नये. त्याची मुळे भरावात कुजली की पाण्याला आयती वाट मिळते.

सांडव्याबाबत, म्हणजे तलावातील जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेबाबत, कोणाचीही भीड बाळगू नये. नौकाविहारासाठी पाणी टिकावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचली जातात, मासे निसटू नयेत म्हणून जाळी बांधली जाते आणि तिच्यात पालापाचोळा अडकतो. असे अडवलेले हातभर पाणी पुरासाठी राखलेल्या उंचीतूनच वजा होत असते. हे अडथळे जूनपूर्वी काढावेत.

तलाव भरल्यावर बांधाच्या मागच्या, म्हणजे पाण्याच्या विरुद्ध बाजूच्या, पायथ्याशी चालत जावे. तेथे थोडा पाझर असणे स्वाभाविक आहे. तो किती आणि कसा आहे, हे महत्त्वाचे. पाझर एका नळीतून १० लिटरच्या बादलीत घ्यावा, ती भरण्यास लागलेले सेकंद आणि त्या दिवशीची पाणीपातळी वहीत लिहावी. नंतर थोडे पाणी काचेच्या बाटलीत तासभर स्थिर ठेवावे. तळाशी गाळ बसला, तर भरावातील माती वाहून जात आहे असे समजून तत्काळ जलसंधारण विभागाला व तहसीलदारांना कळवावे आणि खालच्या वस्तीला सावध करावे. पाझराच्या तोंडावर चिकणमाती थापू नये, कारण कोंडलेले पाणी दुसरीकडून फुटते. अभियंता येईपर्यंत त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर द्यावेत, म्हणजे पाणी निघते आणि माती अडते. तलाव रिकामा करायचा झाल्यास तोही अभियंत्याच्या सल्ल्याने करावा, कारण पातळी झपाट्याने उतरल्यास ओला उतार घसरू शकतो.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले, तेव्हा खेकड्यांनी भराव पोखरल्याचे सांगितले गेल्याने राज्यभर खेकड्यांचीच चर्चा अधिक झाली. खेकड्यांची बिळे दिसल्यास नोंद जरूर करावी, परंतु बादली आणि बाटलीची वही त्याहून अधिक सांगते.

सहलीला येणाऱ्यांसाठी बांधाच्या एका टोकाला पायऱ्या बांधाव्यात. लोक उतारावरून चढू लागले की पायवाटेची घळ होते. पोहणे, कपडे धुणे व गुरे धुणे उपसा विहिरीपासून, म्हणजे जिच्यातून गावासाठी पाणी उपसले जाते तिच्यापासून, दूर ठेवावे, आणि सांडवा वाहत असताना होड्या बंद कराव्यात.