रोज संध्याकाळची वाइन: ग्लास नको, मिली मोजा

“एकच ग्लास घेते” असं सांगितलं की समोरच्याला काहीच कळत नाही, आणि खरं म्हणजे स्वतःलाही कळत नाही. म्हणून पहिलं काम मोजायचं. रोजचा ग्लास घ्या, नेहमी जिथवर भरता तिथवर पाणी भरा आणि ते पाणी बाळाच्या दुधाच्या बाटलीत ओता. तिच्यावर मिलीच्या रेघा असतात. वाइनचा एक ग्लास म्हणजे 150 मिली असं हॉटेलवाले धरतात. घरी पुष्कळदा 200 ते 250 भरतात. ग्लासाचं पोट रुंद असतं आणि आपण बघतो उंची, तिथेच डोळा फसतो. स्टीलच्या फुलपात्रातून घेत असाल तर तेही मोजा, त्यात तर किती ओतलं ते बाहेरून दिसतच नाही. आणि बोलता बोलता कोणी “अजून थोडी” म्हणून वरून भरत असेल, तर ती भर वेगळी धरा.

आता बाटलीवरचा टक्का बघा. बारीक अक्षरात असतो, साधारण 12 ते 14. हिशोब असा: मिली गुणिले टक्के, भागिले 100, गुणिले 0.8. उत्तर येतं ते शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. 200 मिली, 13 टक्के, म्हणजे जवळजवळ 21 ग्रॅम. आपल्याकडच्या व्हिस्कीवर सहसा 42.8 टक्के लिहिलेलं असतं. तिचा 60 मिलीचा लार्ज पेग याच हिशोबात घातला तर 20 ग्रॅमच्या थोडं वर येतो. म्हणजे घरातला भरलेला वाइनचा ग्लास आणि व्हिस्कीचा लार्ज पेग यकृताला एकाच वजनाचे. महाराष्ट्रात 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय झाला, तेव्हा “वाइन म्हणजे दारू नाही” हे वाक्य गावोगावी ऐकू आलं. द्राक्षाची असो की मोहाची, इथेनॉल एकच असतं. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूबंदीसाठी, मतदान करून गावातलं दुकान बंद पाडणाऱ्या बायांना हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. फ्रिजच्या दारात उभ्या असलेल्या बाटलीलाही तोच हिशोब लावायचा आहे.

रोज 200 मिली म्हणजे आठवड्याला 1400 मिली, दोन बाटल्यांना थोडीच कमी, आणि ग्रॅममध्ये साधारण 145. ब्रिटनमध्ये कमी धोक्याची मर्यादा आठवड्याला 14 युनिट म्हणजे 112 ग्रॅम आहे, बाई-पुरुष दोघांनाही तीच. कॅनडाने 2023 मध्ये कमी धोक्यासाठी आठवड्याला दोनच ड्रिंक सांगितली, म्हणजे 27 ग्रॅम. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलं की अमुक इतकी घेतली तर चालते असं सुरक्षित प्रमाणच नाही. जितकी कमी तितका धोका कमी, आणि शून्य सगळ्यात बरं.

बाईच्या शरीरात काय वेगळं होतं

अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं. पुरुषाच्या शरीरात वजनाच्या सुमारे 60 टक्के पाणी, बाईच्या 50 च्या आसपास. त्यात पोटातच थोडं अल्कोहोल मोडणारं विकर बायकांत कमी. म्हणून नवरा-बायकोने सारखीच वाइन घेतली तर बायकोच्या रक्तातली पातळी जास्त चढते, आणि यकृताचं नुकसान कमी दारूनेही आणि कमी वर्षांतच होतं. “मी तर ह्यांच्यापेक्षा कमीच घेते” ही तुलना त्यामुळे फसवी आहे.

स्तनाच्या कर्करोगाचं तर नीट समजून घ्यावं. अल्कोहोलिक पेयं कर्करोगकारक आहेत असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच ठरवलं. रोजच्या दर 10 ग्रॅममागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी वाढतो. अल्कोहोल मोडताना ॲसिटाल्डिहाइड तयार होतं आणि ते पेशीतल्या डीएनएला इजा करतं. शिवाय इस्ट्रोजेनची पातळी वाढते. आई, मावशी, बहीण यांपैकी कोणाला हा आजार झाला असेल, तर रोजच्या ग्लासाचा विचार आजच करा. रेड वाइनमधल्या रेझवेराट्रॉलचं नाव पुढे करून समाधान मानू नका. एका लिटरमध्ये ते काही मिलिग्रॅमच असतं, आणि सालीसकट काळी द्राक्षं खाल्ली तरी मिळतं.

झोपेचं गणित तर घड्याळावर दिसतं. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम मोडतं. साडेनऊला संपवलेले 21 ग्रॅम रक्तातून जायला रात्रीचे बारा-साडेबारा वाजतात, आणि त्यानंतर झोप उडू लागते. दोन-तीनला जाग येणं, छाती धडधडणं, उगाच काळजी वाटणं, हे बरेचदा त्याच ग्लासाचं असतं. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा येतात, त्यातही भर पडते. वजनाचं सांगायचं तर एका 750 मिलीच्या बाटलीत 600 च्या वर कॅलरी असतात.

मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा फ्रिजमधली पांढरी वाइन सरबतासारखी वाटते. ती लघवी वाढवते, तहान भागवत नाही. आधी दोन तांबे पाणी किंवा ताक पोटात जाऊ द्या, मग बघा तीच ओढ राहते का. बर्फ टाकल्याने चव पातळ होते, ग्रॅम तेवढेच राहतात.

“पोर्ट वाइनने रक्त वाढतं”

हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. अशक्त बाईला, बाळंतिणीला गोड पोर्ट वाइन देणारी घरं आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या निघाल्या, म्हणून हा गैरसमज महागात पडतो. लाल रंगाचा आणि हिमोग्लोबिनचा काही संबंध नाही. उलट रेड वाइनमधलं टॅनिन भाकरी-मेथीतलं लोह शोषू देत नाही, चहाचंही तसंच. अल्कोहोलमुळे फोलेटही कमी होतं आणि नवं रक्त तयार व्हायला तेच लागतं. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल (गरोदरपणी 11 च्या खाली) तर डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर किंवा मोसंबीच्या रसाबरोबर घ्या आणि चहापासून दोन तास लांब ठेवा.

गरोदरपणात एक थेंबही नको, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. दिवस जावेत म्हणून प्रयत्न चालू असतील तर तेव्हापासूनच बंद, कारण पाळी चुकल्याचं कळेपर्यंत गर्भाचे काही आठवडे गेलेले असतात. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधात रक्ताइतकंच अल्कोहोल उतरतं. दूध पिळून टाकल्याने ते लवकर जात नाही, वेळच जावा लागतो: 150 मिली वाइनला किमान दोन तास. आणि सर्दीसाठी बाळाच्या तोंडात ब्रँडीचे थेंब कोणी सुचवले, तर आजीचा मान राखूनही ठाम नाही म्हणा.

गोळ्या चालू असतील तर

झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांवर वाइन घेणं सगळ्यात धोक्याचं, श्वास मंदावतो. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांच्याबरोबर साखर एकदम खाली जाते, तीही रात्री झोपेत. दिवसभर उपवास धरून संध्याकाळी रिकाम्या पोटी घेतली तर हा धोका आणखी वाढतो. मेटफॉर्मिन, संधिवाताचं मेथोट्रेक्सेट, क्षयाची औषधं, रोजची पॅरासिटामॉल: यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांसोबत जठरातून रक्त जाऊ शकतं. जुलाबासाठी किंवा अंगावरून पांढरं जातं म्हणून मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल दिलं असेल तर कोर्स चालू असताना आणि संपल्यावरही तीन दिवस वाइन बंद, नाहीतर उलट्या आणि धडधड होऊ शकते.

कमी करण्याआधी एक गोष्ट तपासा

सकाळी हात थरथरतात का? घाम, मळमळ, धडधड होते आणि थोडी घेतली की बरं वाटतं का? रोज अर्धी बाटली किंवा जास्त, अशी महिनोन्महिने चालू आहे का? पूर्वी कधी बंद केल्यावर झटका आला होता का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर एकदम बंद करू नका. शरीर सवयीला लागलेलं असतं. थरथर सहा ते चोवीस तासांत सुरू होते, झटके पहिल्या दोन दिवसांत येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं. श्रावण लागला म्हणून एका रात्रीत सोडणाऱ्यांचं नेमकं इथे चुकतं: निश्चय पक्का असतो, पण औषधाचा आधार नसतो. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. थायमिन म्हणजे बी-1 आणि काही दिवसांच्या गोळ्यांवर हे सुखरूप पार पडतं. झटका आला किंवा बाई असंबद्ध बोलू लागली तर 108 लावा.

ही लक्षणं नसतील तर घरी कमी करता येतं. श्रावण तेव्हा चांगली संधी आहे, घरात कोणी कारण विचारत नाही.

पहिले दोन आठवडे काही बदलू नका, फक्त मिली लिहा. मोबाइलमध्ये नुसता आकडा टाकला तरी पुरे, दुसऱ्याला तो कशाचा हे कळणार नाही. लिहूनच कित्येकींचं प्रमाण उतरतं. तिसऱ्या आठवड्यापासून लागून दोन दिवस कोरडे ठेवा, सोमवार-मंगळवार म्हणा, आणि दर आठवड्याला एक दिवस वाढवा. घेण्याच्या दिवशी 100 मिली मापून ओता, बाटली झाकून स्वयंपाकघरात ठेवा, ताटाजवळ नको. मोठी बाटली आणूच नका. उघडलेली वाइन चार-पाच दिवसांत उतरते, मग “वाया जाईल” म्हणून संपवली जाते. 375 मिलीची अर्धी बाटली मिळते. उरली तर ओतून द्या.

जेवण आधी. साडेसातला गरम भाकरी आणि पिठलं पोटात गेलं की ओढ निम्मी होते, कारण तिच्यातली बरीचशी भूक असते. जी उरते ती बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाय मोकळे करा, फोन करा. हातात ग्लास हवासा वाटतो, तर तोच ग्लास वापरा: जालन्याकडची मोसंबी मिळतेच, तिचा 100 मिली ताजा रस, 150 मिली थंड सोडा, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. रक्तदाब असेल तर मीठ नको, मधुमेह असेल तर रसाऐवजी लिंबू.

पण नुसतं पेय बदलून भागत नाही. पुष्कळ घरांत तो ग्लास म्हणजे बाईचं दिवसातलं पहिलं बसणं असतं. कामावरून आली, स्वयंपाक झाला, मुलांचा अभ्यास झाला, आणि मग ती टेकते. ते टेकणं तिला ग्लासाशिवाय मिळायला हवं. घरातल्यांना मदत करायची असेल तर “सोड ती सवय” म्हणू नये, सात ते आठ या वेळातलं एक काम अंगावर घ्यावं. भांडी घ्या, मुलांना घ्या.

चुकतं कुठे? चार दिवस कोरडे गेले की शनिवारी बाटली संपते. एका बसणीत साठवून घेतलेली तब्येतीला जास्त मारते, म्हणून शनिवारलाही माप लावा. दुसरं, पहिला आठवडा-दोन आठवडे झोप उलट बिघडते. “वाइनशिवाय मला झोपच नाही” असं वाटून तिथेच परत सुरू होते. हा काळ जातो, झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. गोड खावंसं वाटतं, खा थोडं.

डॉक्टरांपुढे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात शंभरात एखादीच बाई “मी दारू घेते” असं सांगते, त्यामुळे डॉक्टर बाईला विचारतच नाहीत. तुम्हीच सांगा, आकड्यात: “रोज 200 मिली वाइन, आठवड्यातून सहा दिवस, चार वर्षं.” सोबत सासू किंवा नवरा असेल तर त्यांना बाहेर बसायला सांगा अशी विनंती करता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुमचा आहे. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालय, तसंच अंबाजोगाई, लातूर, नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे मानसोपचार विभाग आहे. गावातून जाता येत नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416 आणि व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446, दोन्ही मोफत.

बाईला न कळवता भाजीत दारू सोडवायची गोळी मिसळणं कोणीही करू नये. त्या गोळीत डायसल्फिरम असेल आणि वर वाइन घेतली गेली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही वेगळी औषधं आहेत, तीही तिच्या संमतीने आणि तपासूनच.

तपासण्या: लिव्हर फंक्शन, जीजीटी (यकृताचं एक विकर), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, ट्रायग्लिसराइड, गरजेप्रमाणे सोनोग्राफी. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे सगळं ठीक असं नसतं, यकृत बराच काळ तक्रार करत नाही. सीबीसीतला एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा आकार. अल्कोहोलने तो वाढतो, लोह कमी असेल तर घटतो. दोन्ही असलेल्या बाईचा आकडा मधोमध येऊन निर्दोष दिसतो, म्हणून सोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघायला सांगा. शाकाहारी असाल तर बी-12 सुद्धा. बंद केल्यावर जीजीटी दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं, पण लाल पेशी 120 दिवस जगते, त्यामुळे एमसीव्ही बदलायला तीन-चार महिने लागतात. जीजीटी दोन महिन्यांनी आणि सीबीसी चार महिन्यांनी पुन्हा करा, आणि जुने रिपोर्ट त्याच फायलीत ठेवा.