पाण्यात टाकण्याआधी पाकीट वाचा: तिकिटं भिजवताना या चुका टाळा

दौलतगंजातलं आमचं जुनं घर रिकामं करताना आजीच्या ट्रंकेत पत्रांची जुडी सापडली. आजी बाळंतपणाला पुण्याला माहेरी गेली होती, तेव्हा आजोबांनी तिला ग्वाल्हेरहून लिहिलेली पत्रं. प्रत्येक पाकिटावर सहाव्या जॉर्जचं तिकीट आणि त्यावर काळ्या शाईत ‘ग्वालियर’, एकदा इंग्रजीत, एकदा नागरीत. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. कात्री घेतली, सगळी तिकिटं कडेकडेने कापली आणि डिंक सुटून कागदापासून वेगळी व्हावीत म्हणून परातीतल्या पाण्यात टाकली. तिकिटं सुंदर निघाली, एकाच्याही कडेचा दात तुटला नाही.

पण पोस्टाचा शिक्का अर्धा तिकिटावर होता आणि अर्धा पाकिटावर. पाकिटं मी फेकून दिली होती. आजोबा पत्रात तारीख घालत नसत, ती फक्त शिक्क्यातच होती. आता कोणतं पत्र आधीचं आणि कोणतं नंतरचं, आत्याचा जन्म व्हायच्या आधीचं कोणतं, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून सगळ्यात मोठी चूक पाण्याशी संबंधितच नाही. पाकीट न वाचता कात्री चालवणं, ही ती चूक. संस्थानी तिकीट असेल, शिक्का स्पष्ट असेल, गावाचं नाव वाचता येत असेल, तर पाकीट आख्खं ठेवा. इंदूरच्या होळकर संस्थानाने १८८६ पासून स्वतःची तिकिटं काढली. ग्वाल्हेरने १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर आपलं नाव छापून घेतलं. सुटं तिकीट पुन्हा मिळू शकतं, पण आपल्या गल्लीतून निघालेलं, पत्ता आणि शिक्क्यासह असलेलं पाकीट पुन्हा मिळत नाही. कापायचंच ठरलं, तर तिकिटाभोवती बोटभर कागद सोडून कापा. घाईत दाते कापले गेले तर त्यावर उपाय नाही.

काय भिजवायचं नाही

कोरं, मागे डिंक असलेलं तिकीट कधीच पाण्यात घालू नका. डिंक गेला की ते वापरलेलंही राहत नाही आणि कोरंही राहत नाही. ब्रिटनची १८८३-८४ ची जांभळी आणि हिरवी तिकिटं मुद्दामच पाण्यात उतरणाऱ्या शाईत छापली होती, कोणी शिक्का धुऊन ती पुन्हा वापरू नयेत म्हणून. ती भिजवली की रंग फिका पडतो आणि परत येत नाही. अमेरिकेची अलीकडची स्वतःच चिकटणारी तिकिटं पाण्यात तासन्‌तास ठेवली तरी सुटत नाहीत, वर गोंद चिकचिकीत होऊन बसतो. ती कागदासकट नीट कापून ठेवावीत. आपल्याकडच्या २००६ च्या चंदनी वासाच्या तिकिटालाही मी पाणी लावत नाही.

लाल, गर्द पिवळं किंवा खाकी पाकीट असेल तर त्याचे तुकडे वेगळ्या वाटीत, गार पाण्यात. राखीच्या लाल पाकिटाचा एक तुकडा सगळ्यांबरोबर पडला, तर अर्ध्या तासात वाटीतली सगळी तिकिटं गुलाबी होतात. जांभळ्या शाईच्या ऑफिसच्या शिक्क्याचंही तेच.

ओढू नका

पाणी साधं, फार तर कोमट. गरम पाण्याने डिंक लवकर सुटतो खरा, पण रंगही सुटतो. पसरट भांडं घ्या, चित्र वर ठेवून तिकिटं तरंगत सोडा, एकावर एक नकोत. पंधरा-वीस मिनिटं थांबा. पाचव्या मिनिटाला कोपरा उचलून बघायचा मोह प्रत्येकाला होतो आणि तिथेच तिकिटाची पाठ सोलली जाते. ओल्या कागदात जीव नसतो. तिकीट तयार झालं की ते कागदावरून आपोआप घसरतं, चिमट्याने नुसतं बाजूला केलं की झालं. अडलं तर परत पाण्यात, आणखी दहा मिनिटं. ओढायचं असेलच, तर तिकिटापासून कागद ओढा, कागदापासून तिकीट नाही.

सुटल्यावर दुसऱ्या स्वच्छ पाण्यात एकदा खळखळून घ्या. पाठीवरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर डिंक अजून आहे, आणि हाच डिंक पुढे अल्बमच्या पानाला चिकटतो. बोअरचं खारं पाणी असेल तर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या, नाहीतर वाळल्यावर पांढरे ठिपके दिसतात.

याच वेळी एक गंमत बघून घ्या. ओलं तिकीट काळ्या बशीत पालथं ठेवा. पाचव्या जॉर्जच्या तिकिटाच्या पाठीवर वॉटरमार्कचे, म्हणजे कागदातच घातलेल्या खुणेचे, तारे उमटतात. आधीच्या तिकिटांवर एकच मोठा तारा असतो. नाशिकच्या छापखान्यात १९२६ पासून छपाई सुरू झाल्यावर छोट्या ताऱ्यांच्या रांगा येतात. तिकीट वाळलं की तारे मावळतात.

वाळवणं

वर्तमानपत्रावर वाळवू नका, शाई उमटते. टॉवेलवर नको, त्याची वीण ओल्या कागदावर बसते. टीपकागदावर तिकीट चित्र खाली, पाठ वर असं ठेवा, म्हणजे थोडाफार डिंक राहिला असला तरी कागदाला चिकटत नाही.

आमच्या ग्वाल्हेरात खरी अडचण हवामानाची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, लू चालते, आणि गच्चीवर ठेवलेलं तिकीट काही मिनिटांत विडीसारखं गुंडाळतं. ते बोटांनी सरळ करायला गेलात तर मधोमध मोडतं. परत पाण्यात टाका, दोन मिनिटांत ते स्वतः उलगडतं. वाळवायचं घरातच, सावलीत, कूलरच्या झोताबाहेर. वरचं पाणी टिपलं गेलं, पण कागदात थोडी ओल आहे, अशा वेळी दोन टीपकागदांच्या मध्ये घालून वर जाड पुस्तकं ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. इस्त्री मात्र कधीच नको.

श्रावणात उलट होतं. बाहेरून कोरडं वाटणारं तिकीट आतून ओलं असतं. ते स्टॉकबुकात, म्हणजे तिकिटं पट्ट्यांत खोचून ठेवायच्या वहीत, गेलं की पट्टीला चिकटतं, नाहीतर महिन्याभरात तपकिरी बुरशीचे डाग पडतात. पावसाळ्यात मी टीपकागद दुसऱ्या दिवशी बदलतो आणि तिसऱ्या दिवशी तिकिटं उचलतो. हातात घेतल्यावर तिकीट थंड लागलं, तर ते अजून वाळलेलं नाही. पुस्तकं परत वर ठेवा.