१४ फुटी अॅल्युमिनियम बोटीचा वेग कसा वाढवावा: नवं इंजिन घेण्याआधी

मिनेसोटात बर्फ वितळून तळी मोकळी झाली की जुन्या बोटींचा बाजार गरम होतो. लुंड, अल्युमाक्राफ्ट, क्रेस्टलायनर ही नावं याच राज्यातली, त्यामुळे त्यांच्या रिव्हेट मारलेल्या १४ फुटी बोटी इथे गल्लोगल्ली दिसतात. आपल्या मंडळींपैकी अनेकांची पहिली बोट हीच असते: मागे हाताने चालवायचं १५ एचपीचं आउटबोर्ड (बाहेरून टांगलेलं इंजिन), तीन आडवी बाकं आणि ट्रेलर. पहिल्या महिन्यात सगळं छान वाटतं. मग शेजारची तशीच बोट सरसर पुढे निघून जाते आणि प्रश्न येतो, "२० एचपीचं घेऊ का?"

माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी आहे त्या बोटीतला वेग बाहेर काढा. दुखणं वजनात किंवा पंख्यात (प्रोपेलरमध्ये) असतं आणि भुर्दंड इंजिनाचा बसतो, याला आपल्याकडे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात.

थोडा हिशोब

बोट पाणी बाजूला सारत चालते तेव्हा तिच्या वेगाला लांबीची मर्यादा असते. पाण्यात टेकलेली लांबी १३ फूट असेल तर ही मर्यादा ताशी साधारण ९ किलोमीटर येते. त्यापुढे जायचं तर बोटीला स्वतःच्याच लाटेवर चढून पाण्यावर घसरावं लागतं. याला प्लेन होणं म्हणतात. प्लेन झालेल्या बोटीचा वेग ढोबळमानाने एचपी भागिले एकूण वजन, याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो.

आता आकडे घालून बघा. बोट १०० किलो, इंजिन ४५, भरलेली २५ लिटरची टाकी २०, बॅटरी २२, दोन माणसं १५० आणि नांगर-डबे-सामान १३, म्हणजे ३५० किलो. इंजिन १५ वरून २० एचपी केलं तर वेग सुमारे १५ टक्के वाढेल. इंजिन तेच ठेवून ५० किलो उतरवले तर ८ टक्के वाढेल. ८० किलोचा एक मित्र काठावर थांबला तर १४ टक्के! म्हणजे एक माणूस कमी होणं आणि नवं इंजिन घेणं यांचा परिणाम जवळपास सारखाच. हे गणित एकदा डोक्यात बसलं की पुढच्या पायऱ्यांचा क्रम आपोआप पटतो.

पायरी १: आधी मोजा

"आज जरा जास्त पळाली" हे मोजमाप नव्हे. फोनमधलं जीपीएस पुरेसं आहे. वारा नसलेल्या सकाळी मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटलवर एकदा जा, त्याच रेषेत परत या आणि दोन्ही वेगांची सरासरी लिहून ठेवा. दर वेळी टाकी साधारण अर्धी, माणसं तेवढीच आणि सामान त्याच जागी हवं.

दुसरं साधन टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे (आरपीएम) होतात ते दाखवणारं यंत्र. स्पार्क प्लगच्या वायरीभोवती वायर गुंडाळून चालणारा छोटा डिजिटल टॅको स्वस्तात मिळतो. इंजिनाच्या प्रकाराप्रमाणे त्याचं सेटिंग नीट करा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसेल. आरपीएम कळल्याशिवाय पंख्याच्या पायरीला हात लावण्यात अर्थ नाही.

चाचणी घेताना इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेलीच हवी. २६ फुटांखालच्या मोटरबोटींना वेगात असताना ही दोरी लावणं अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. हाताने चालवायच्या इंजिनावरून माणूस पाण्यात पडला तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, म्हणून याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. लाइफ जॅकेट मुलांनी तर घालायचंच (मिनेसोटात १० वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत सक्तीचं आहे), मोठ्यांनीही घालावं. मे महिन्यातलं पाणी भलतंच गार असतं.

आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

पायरी २: वजन उतरवा

बोट रिकामी करा. खरोखर सगळं बाहेर काढा आणि परत ठेवताना प्रत्येक वस्तूची गरज विचारा. दुसरा नांगर, गेल्या वर्षीचे शिशाचे तुकडे, पाण्याने भरलेला आइसबॉक्स, ओला गालिचा अशा गोष्टी तिथेच निघतात. दोन तासांसाठी टाकी काठोकाठ भरायची गरज नाही, पण परत येण्यापुरतं पेट्रोल आणि त्यावर थोडं राखीव हवंच. ट्रोलिंग मोटर (मासे पकडताना बोट हळू चालवणारी विजेची मोटर) असेल तर १०० अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी २७-३० किलोची असते. त्याच क्षमतेची लिथियम १२ किलोच्या आसपास. महाग आहे, पण नव्या इंजिनापेक्षा स्वस्त.

जुन्या बोटींचं खरं दुखणं मात्र बाकांच्या आत असतं. तिथे बोट बुडू नये म्हणून फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षं रिव्हेटमधून झिरपलेलं पाणी तो शोषतो आणि बोट कित्येक किलोंनी जड होते. ओळखायचं असं: ट्रेलर बोटीसकट ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर न्या, मग बोट पाण्यात सोडून रिकामा ट्रेलर परत काट्यावर घाला. फरकातून इंजिन आणि सामान वजा करा आणि कंपनीने दिलेल्या वजनाशी ताडून बघा. तफावत मोठी असेल तर बाकाची एक पट्टी उघडून फोम पिळून पाहा. ओला निघाला तर काढा, पण जागा रिकामी ठेवू नका. तिथे पाणी न शोषणारा क्लोज्ड-सेल फोम परत भरा. बोट उलटली की तुम्हाला तरंगत ठेवणार तोच.

मागचं बूच काढून पाणी निथळू द्यायची सवय इथे कायद्यानेच लागते, कारण बूच लावून बोट रस्त्याने नेता येत नाही. झेब्रा शिंपल्यांचा (तळ्यांत पसरणाऱ्या उपद्रवी परक्या शिंपल्यांचा) प्रसार रोखण्यासाठी हा नियम आहे. बोटीचंही त्यात भलं होतं.

पायरी ३: वजनाची जागा आणि इंजिनाचा कोन

एकटा माणूस मागच्या बाकावर, त्याच्या पायाशी टाकी, बाजूला बॅटरी, मागे इंजिन. मग पुढचं टोक आभाळाकडे बघतं आणि बोट लाटेवर चढायलाच तयार होत नाही. टाकीची नळी लांब घेऊन टाकी मधल्या बाकाखाली सरकवा, बॅटरी पुढे न्या. टिलरला, म्हणजे इंजिन वळवायच्या दांड्याला, लांबवणारी दांडी लावून थोडं पुढे बसता आलं तर फारच उत्तम. यातलं काही केल्याने वजन घटत नाही, तरी फरक लगेच दिसतो.

आता कोन. इंजिनाच्या ब्रॅकेटमध्ये एक आडवी पिन असते आणि तिच्यासाठी चार-पाच भोकं. बोट ट्रेलरवर असताना बाजूने बघा: पंख्याच्या वरची आडवी पट्टी, जिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, ती बोटीच्या तळाला समांतर हवी. तिथून सुरुवात करा. पळताना पुढचं टोक पाणी नांगरत असेल, तुषार अगदी पुढून उडत असतील आणि टिलर जड लागत असेल तर पिन एक भोक बाहेर, म्हणजे बोटीपासून दूर. बोट घोड्यासारखी वर-खाली डुलत असेल किंवा प्लेन व्हायला फार वेळ घेत असेल तर एक भोक आत. पिन बदलताना इंजिन बंद करा.

मागे फिनसारखं प्लास्टिकचं पंख लावायचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने बोट लवकर प्लेन होते हे खरं, पण वरच्या वेगात ते पाण्यात ओढत राहतं. आधी वजन आणि पिन जमवा, बहुतेकांना पुढे त्याची गरज भासत नाही.

पायरी ४: इंजिनाची उंची

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि फुकटातला वेग याच पायरीत सर्वात जास्त दडलेला असतो. इंजिनाची शाफ्ट १५ इंची किंवा २० इंची येते आणि ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, त्याच मापाची हवी. १५ इंची ट्रान्समवर २० इंची इंजिन टांगलं तर ५ इंच जास्तीचं धातू सतत पाण्यातून ओढलं जातं.

सरळ लाकडी पट्टी बोटीच्या तळाला लावून मागे इंजिनापर्यंत न्या. कॅव्हिटेशन प्लेट पट्टीच्या पातळीत किंवा तिच्या वर २५ मिमीपर्यंत असावी. पट्टीच्या खाली असेल तर इंजिन उचला: ट्रान्समच्या माथ्यावर १२ मिमी जाडीची कठीण लाकडाची फळी ठेवा, क्लॅम्प घट्ट करा, चाचणी घ्या, गरज वाटली तर पुन्हा तेवढंच. क्लॅम्पला धरायला पुरेशी जागा उरली पाहिजे. उंची पक्की झाली की आरपार बोल्ट मारा आणि सुरक्षेची साखळी लावा.

जास्त उचललं हे कसं कळतं? वळणावर इंजिन अचानक किंचाळतं, आरपीएम चढतो आणि वेग पडतो, कारण पंखा हवा ओढू लागलेला असतो. मग थोडं खाली घ्या. बाजूने उडणारी थंडाव्याच्या पाण्याची धार प्रत्येक बदलानंतर तपासा. ती क्षीण झाली तर वेगाचा मोह सोडून लगेच इंजिन उतरवा.

हवा ओढण्याचं कारण कधी वेगळंच निघतं. फिश-फाइंडरचा (मासे शोधणाऱ्या यंत्राचा) सेन्सर पंख्याच्या अगदी पुढ्यात लावलेला असतो आणि त्याच्यामागे फेस तयार होतो. तो बाजूला सरकवा.

पायरी ५: तळ

बोट उलटी करता आली तर दीड मीटरची सरळ पट्टी तळाच्या मागच्या भागाला लांबीच्या दिशेने लावा. मध्ये फट दिसली, म्हणजे तळ आत दबलेला असेल, तर त्याला हुक म्हणतात. तो पुढचं टोक खाली दाबतो आणि वेग खातो. ट्रेलरचे आधार ट्रान्समच्या आधीच संपत असतील तर हुक त्यामुळेच पडतो, तेव्हा आधी आधार मागेपर्यंत आणा, मग ठोकठाक करणाऱ्याकडे जा. तळावर शेवाळ असेल तर खरवडा. तांब्याचा रंग अॅल्युमिनियमला कधीही लावू नका, धातू खाल्ला जातो.

पायरी ६: इंजिन पूर्ण ताकद देतंय का?

इंजिन बंद ठेवून झाकण काढा, टिलरची मूठ शेवटपर्यंत पिळा आणि थ्रॉटलचा दांडा त्याच्या थांब्याला टेकतो का ते डोळ्यांनी पाहा. केबल सैल पडल्याने पूर्ण न उघडणारी इंजिनं पुष्कळ असतात. मग टाकीची हवेची चकती उघडी आहे ना, पळताना पेट्रोलच्या नळीतला रबरी बल्ब चपटा होत नाही ना, प्लग कधी बदलले, हे बघा. हिवाळाभर टाकीत राहिलेलं इथेनॉलचं पेट्रोल वापरू नका. बोटींसाठी इथे पंपावर बिनइथेनॉलचं "नॉन-ऑक्सी" मिळतं, तेच भरा.

पायरी ७: पंखा

पंख्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ९¼ × १०. पहिला व्यास. दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशोबाने किती इंच पुढे जाईल ते. मॅन्युअलमध्ये पूर्ण थ्रॉटलची आरपीएमची मर्यादा दिलेली असते. या आकाराच्या अनेक इंजिनांना ती ५,००० ते ६,००० असते. तुमच्या नेहमीच्या वजनासह आरपीएम या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात यायला हवा.

जास्त पिच म्हणजे जास्त वेग, असं समजून लोक मोठा पिच आणतात. इंजिन ४,८०० वरच दमतं, ताकद उतरते आणि बोट आधीपेक्षा हळू होते. पिच १ इंच कमी केला की आरपीएम साधारण २०० ने चढतो. ४,८०० येत असेल तर आधी २ इंच उतरून बघा, कमी पडलं तर आणखी. उलट ६,००० ओलांडत असेल तरच पिच वाढवा.

घसरण, म्हणजे हिशोबाच्या वेगापेक्षा खरा वेग किती कमी पडतो ते, मोजून घ्या. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे), भागिले ६५६, म्हणजे ताशी किलोमीटरमध्ये हिशोबाचा वेग. ५,५०० आरपीएम, १० पिच, २.०८ रेशो: उत्तर ४०. जीपीएस ३३ दाखवत असेल तर घसरण १८ टक्के, ठीक आहे. २५ टक्क्यांपुढे गेली तर इंजिनाची उंची, पात्यांच्या मोडक्या कडा आणि पंख्याच्या आतलं रबर तपासा. रबर सुटलंय का हे बघायला या रबरी बुशच्या आतल्या धातूच्या नळीपासून पंख्याच्या बाहेरच्या भागापर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारा. जोरात एक फेरी मारून या. रेघ तुटून दोन तुकडे वेगळे झाले असतील तर रबर घसरतंय. १५ एचपीला स्टीलच्या पंख्यावर पैसे घालू नका, खडकाळ तळ्यात तर नाहीच.

यानंतरही कमी पडलं तर

मग इंजिन बदला, पण ट्रान्समजवळच्या पाटीवर लिहिलेल्या कमाल एचपीच्या आत. पाटी ओलांडली तर ट्रान्समला तडे जातात आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. कित्येक कंपन्यांची १५ आणि २० एचपीची इंजिनं एकाच ब्लॉकवर असतात, त्यामुळे वजन वाढत नाही. जुनं ३५ किलोचं टू-स्ट्रोक काढून ४५-५० किलोचं फोर-स्ट्रोक लावणार असाल तर ते वजन पुन्हा मागेच येतं, हे धरून चाला. कॅनडाच्या सीमेलगतच्या बाउंड्री वॉटर्स या तळ्यांच्या संरक्षित प्रदेशात काही तळ्यांवर १० तर काहींवर २५ एचपीची मर्यादा आहे. तिकडे जायचं असेल तर आधी नकाशा बघा.

आणि जुना पंखा विकू नका. एक जादा कॉटर पिन, पंख्याचा नट आणि पाना यांच्यासोबत तो पुढच्या बाकाखाली ठेवून द्या. खडकावर पंखा मोडला की त्यानेच काठ गाठायचा असतो.