दिवाळी अंकाला नाशिकचा लेख पाठवताना

बहुतेक दिवाळी अंकांची पानं श्रावणापर्यंत ठरलेली असतात. त्यामुळे नाशिकच्या कलेवर, उत्सवावर किंवा कारागिरीवर लिहायचं असेल, तर विचारणेचं पत्र (असा लेख हवा का, हे संपादकाला विचारणारं) एप्रिल-मेमध्ये जायला हवं आणि पूर्ण लेख जून-जुलैत. गणपती बसल्यावर पाठवलेला लेख चांगला असला तरी बहुधा वाचलाच जात नाही. मासिकाला दोन-तीन महिने आधी कळवावं. रविवारच्या पुरवणीला तीन आठवडे पुरतात.

नाशिककरांची यात एक जास्तीची अडचण आहे. आपले ठसठशीत विषय फाल्गुनात घडतात: धुळवडीची वीरांची मिरवणूक, रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद). फोटो आणि मुलाखती तेव्हाच जमवल्या नाहीत, तर जूनमध्ये हातात काहीच नसतं. मग कुणाच्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवरचे फोटो उचलले जातात. ते छपाईला फुटतात आणि परवानगीचा घोळ होतो तो वेगळाच.

विचारणेचं पत्र दीडशे शब्दांच्या पुढे नेऊ नका. ‘नाशिकच्या रहाडी : एक आगळीवेगळी परंपरा’ एवढंच लिहिलं, तर ते फक्त शीर्षक झालं. असा लेख संपादकाने आधी चारदा वाचलेला असतो. त्याऐवजी असं लिहा:

‘मा. संपादक, स.न.वि.वि. जुन्या नाशकातली रहाड वर्षभर रस्त्याखाली बुजवलेली असते आणि रंगपंचमीला उघडते. त्याआधीच्या दिवसांत खोदणारे, रंग उकळणारे आणि पूजेचा मान असणारे काय काय करतात, आणि आजूबाजूचे वाडे पडून इमारती उभ्या राहिल्यावर ते मान कुणाकडे गेले, यावर २,५०० शब्दांचा लेख लिहू इच्छिते. तीन रहाडींच्या मंडळींशी बोलणं झालं आहे. स्वतः काढलेले १२ फोटो आहेत. लेख १५ जूनपर्यंत देता येईल.’

यात संपादकाला पाच गोष्टी कळतात: विषय काय, त्यात नवं काय, शब्द किती, माहिती कुठून आली आणि लेख कधी मिळेल. वाड्यांचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण ते काढलं तर हे पत्र कुणीही लिहू शकेल. शेवटी स्वतःची ओळख दोन वाक्यांत द्या. पुरस्कारांची यादी नको. याआधी कुठे छापून आलं असेल तर तेवढं सांगा, नसेल तर गप्प राहिलेलं बरं.

पत्र पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे मागचे दोन दिवाळी अंक चाळा. सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) किंवा घराजवळच्या वाचनालयात ते मिळतात. लेख सरासरी किती पानांचे आहेत, फोटो रंगीत छापतात की कृष्णधवल, आणि ‘केले’ लिहितात की ‘केलं’, हे पाहा. एकाच लेखात दोन्ही रूपं मिसळणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. संवाद सोडून बाकी सगळीकडे एकच रूप ठेवा.

लिहिताना ‘पेशवेकालीन’ हा शब्द जपून वापरा. नाशकात प्रत्येक जुनी गोष्ट पेशवेकालीन असते! संपादक विचारणारच, कशावरून? शिलालेख, सनद, जुनी वही किंवा १८८३ साली निघालेला मुंबई इलाखा गॅझेटियरचा नाशिकचा खंड (सोळावा) यांतला आधार असेल तर तो सांगा. नसेल तर ‘असं जुने रहिवासी सांगतात’ हे प्रामाणिक वाक्य पुरे. आणि मुंबई-नागपूरच्या वाचकाला जुन्या नाशकातला तिवंधा किंवा दहीपूल कुठे आहे ते ठाऊक नसतं. तिथे अर्ध्या वाक्याचा खुलासा हवा. स्थानिक पुरवणीसाठी तोच खुलासा कापायचा.

कवितेच्या ओळी घेताना हिशेब करा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांची अख्खी कविता लेखात छापायला २०५९ संपेपर्यंत परवानगी लागेल. समीक्षेच्या ओघात दोन-चार ओळी उद्धृत करायला हरकत नाही. दादासाहेब फाळके १९४४ मध्ये गेले. त्यांचं स्वतःचं लेखन आता खुलं आहे.

आता फाइल. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि वर्डची फाइल पाठवा. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांची होते, आणि पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला तर जोडाक्षरं आणि वेलांट्या जागा सोडतात. छपाईसाठी युनिकोडचं रूपांतर केलं जातं, तेव्हा सगळ्यात आधी ‘ऱ्य’चा बळी जातो: ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं. म्हणून मुद्रितप्रत (प्रूफ) आली की ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले शब्द मुद्दाम शोधून तपासा, मग माणसांची नावं आणि साल.

फोटो मजकुरात चिकटवू नका, वेगळे पाठवा. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर सहा इंच रुंद फोटोला किमान १,८०० पिक्सेल रुंदी लागते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे, त्यापुढे ड्राइव्हची लिंक द्या आणि ती सगळ्यांना उघडते ना, हे दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाहून घ्या. बंद लिंक पाठवणारे थोडे नसतात. प्रत्येक फोटोला ओळ हवी: कुठे, कधी, कोण, कुणी काढला.

पोच आली नाही तर चार आठवड्यांनी एक स्मरणपत्र द्या. त्यानंतर आणखी महिनाभर शांतता असेल, तर ‘लेख मागे घेत आहे’ असं लेखी कळवून मगच दुसरीकडे पाठवा. एकच लेख दोन अंकांत आला तर दोन्ही दारं बंद होतात.

स्वीकारल्याचं पत्र आलं की मानधन किती, कधी आणि लेखकप्रत मिळणार का, हे तेव्हाच विचारा. यात संकोच कसला? हक्काच्या कागदावर सही मागितली तर मुदत वाचा. कायद्याने हक्क लेखी आणि सहीनिशीच दिले जातात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. पुढे पुस्तक काढायचा विचार असेल, तर ‘फक्त या अंकात एकदा छापण्यासाठी’ एवढे शब्द घालून घ्या.