कार्निव्हलला गोव्यात जाताय आणि फेणीचं कॉकटेल करणार? या चुका टाळा

पहिली चूक तारखेचीच होते. "कार्निव्हल मार्चमध्ये असतो ना" असं धरून लोक तिकिटं काढतात आणि पोचतात तेव्हा गोव्यात शिगमोची, म्हणजे तिथल्या शिमग्याची, तयारी चाललेली असते. कार्निव्हल ईस्टरवरून ठरतो, ईस्टर पुढे-मागे झाला की हाही होतो. राखेच्या बुधवारी ख्रिस्ती लोकांचा ४० दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो आणि त्याच्या आधीचे चार दिवस, शनिवार ते मंगळवार, म्हणजे कार्निव्हल, कोकणीत इंत्रुज. २०२६ साली तो १४ ते १७ फेब्रुवारी, २०२७ साली ६ ते ९ फेब्रुवारी. त्यामुळे आधी कॅलेंडर बघा, हॉटेल नंतर.

दुसरी चूक म्हणजे शनिवारची पणजीची मिरवणूक बघितली, कार्निव्हलचा राजा किंग मोमो याचं "खा, पिये आनी मजा कर" ऐकलं की रविवारी परत निघायचं. बहुतेक वर्षी रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा असं चालतं. आणि चित्ररथ म्हणजेच कार्निव्हल असंही नाही, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या गावांत या दिवसांत खेळ, म्हणजे लोकनाट्यं, होतात, चांदरला हातात मुसळं घेऊन नाचतात तो मुसळ खेळ असतो. मला विचाराल तर एक दिवस त्याला ठेवाच, तिथे जे दिसतं ते चित्ररथावर दिसत नाही.

आता ग्लासाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते.

फेब्रुवारीच्या मध्यावर जाऊन हुर्राक मागू नका. काजूचे बोंडू पिकून खाली पडायला लागले की मग रस काढायचा, आंबवायचा, भट्टीवर चढवायचा, पहिल्या धारेला जे निघतं ते हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचं. त्याचा खरा सीझन मार्च ते मे, आणि ते टिकत पण नाही. कार्निव्हल लवकर आला तर त्या दिवसांत "ताजं हुर्राक" म्हणून कोणी बाटली पुढे केली तर जरा विचारा कधीचं आहे. तेव्हा हमखास मिळते ती फेणी, दुसऱ्यांदा गाळलेली, ४२ टक्क्यांच्या आसपास. लोक ऐकीव माहितीवर हुर्राकसारखा अर्धा ग्लास फेणी ओततात आणि वर लिंबू सोडा, मग तासाभरात माणूस खुर्चीत नीट बसत पण नाही. एका ग्लासाला ४५ मिली बास.

"वास फार येतो" ही कायमची तक्रार. म्हणून लोक त्यात कोला ओततात, त्याने वास जात नाही, उलट गोड आणि उग्र असं काहीतरी विचित्र होतं. फेणीला आंबट, मीठ आणि थंडपणा लागतो. ४५ मिली फेणी, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, ग्लासभर बर्फ आणि वरून लिंबू सोडा. हिरवी मिरची उभी चिरून टाकायची, पण बिया काढून, आणि पाच मिनिटांनी मिरची बाहेर, नाहीतर शेवटच्या घोटाला फक्त तिखट लागतं. लिंबू तेव्हाच पिळा, सकाळी पिळून ठेवलेला रस संध्याकाळपर्यंत कडवट होतो. लिंबाच्या फोडी ठेचणार असाल तर हलक्या हाताने, साल रगडली की कडू झालंच म्हणून समजा.

कोकमाच्या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगते. घरी सहा जणांसाठी फेणी-कोकम करायचं ठरवलं, फ्रीजमधली लालभडक बाटली काढली आणि जगमध्ये ओतली, ती निघाली आगळाची, सोलकढीला वापरतो ती. आगळात साखर नसते, मीठ मात्र भरपूर, पहिला घोट घेतला आणि सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. त्यात साखर घालून काही सुधारत नाही, आम्ही घालून बघितली. कॉकटेलला अमृत कोकम लागतं, ते आधीच गोड असतं म्हणून वेगळा साखरेचा पाक नको: ४५ मिली फेणीला ३० मिली अमृत कोकम, थोडं लिंबू, बाकी सोडा. दोन्ही बाटल्यांचा रंग सारखाच, तेव्हा चमचाभर चाखून मग ओता.

पार्टीसाठी जग भरून ठेवत असाल तर त्यात सोडा घालू नका, अर्ध्या तासात फुस्स होतो. फेणी, कोकम, लिंबू एकत्र करून फ्रीजमध्ये, सोडा प्रत्येकाच्या ग्लासात सगळ्यात शेवटी, आणि चमच्याने एकदाच हलवायचं.

सुटी, सील नसलेली फेणी पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून घेऊ नका, प्लास्टिकचा वास लागतो आणि मग दोष फेणीला. काचेची सीलबंद घ्या, लेबल वाचा, काजूची आहे की माडाची ते बघा कारण दोन्हींची चव वेगळी, वरचं मोजमाप काजूच्या फेणीचं आहे. महाराष्ट्रात आणायची असेल तर दुकानातच परमिटचं विचारून घ्या, सीमेवर गाडी तपासतात. आणि मिरवणुकीच्या दिवशी भाड्याची स्कूटर घेऊन प्यायला जाऊ नका, रस्ते बंद असतात, गर्दीत लहान मुलं असतात. परत जायची टॅक्सी दुपारीच ठरवून ठेवा, रात्री मिळायची मारामार होते.